रिमोटच्या ट्रकची क्लिअर बॉडी ब्रशनेच रंगवायची आहे, आतून. नाशिकमध्ये कोणी केलंय का?

इंदिरानगरचा_ट्रकवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रिमोटवर चालणारा १/१० स्केलचा इलेक्ट्रिक शॉर्ट कोर्स ट्रक आहे, दोन वर्षं झाली, रविवारी सकाळी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर मोकळी जागा असली की आम्ही बापलेक तिथे पळवतो. कंपनीची छापील बॉडी मागच्या हिवाळ्यात पार तुकडे तुकडे झाली म्हणून क्लिअर बॉडी मागवली, म्हणजे वरचं पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच, रंग आपण द्यायचा. आता त्या पहिल्या क्लिअर बॉडीचं मी जे केलं ते आधी सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल की माझं काय चुकतंय. हार्डवेअरमधून साधा स्प्रेचा डबा आणला, बॉडीवर एक पातळ फिल्म चिकटलेली असते ती काढून टाकली आणि बाहेरून छान दोन हात मारले. दिसायला एक नंबर दिसत होती. दुसऱ्याच रविवारी ट्रक उताराला पलटी झाला आणि टपाचा रंग उन्हात सोलवटलेल्या कातडीसारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटला, उरलेला नखाने निघायला लागला. काचांच्या जागी रंग उडाला होता तो थिनरच्या फडक्याने पुसला तर काच धुरकट झाली आणि कडेला बारीक बारीक तडे आले. ती बॉडी गेली.

आता दुसरी क्लिअर बॉडी आलीये आणि ही मला वाया घालवायची नाहीये, कारण हिचं डिझाइन माझ्या मुलीने काढलंय. ती आठवीत आहे. या रंगपंचमीला तिला पहिल्यांदा रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे ते हौद ज्यात लोक उड्या मारतात, दाखवायला जुन्या नाशकात नेलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात ते तीन रंग बसलेत, तिवंधा चौकाचा पिवळा, दिल्ली दरवाजाचा केशरी आणि शनी चौकाचा गुलाबी. तर बॉनेट पिवळं, मागे मागे जात केशरी होत जाणार, मधून गुलाबी रंगाचा तिरपा पट्टा जणू कोणीतरी रहाडीत धप्पा मारलाय आणि रंग उडालाय असा, आणि दोन्ही दारांवर देवनागरीत "गंगामाई". अक्षरं पांढरी, त्यांना काळी किनार.

अट एकच, हे सगळं ब्रशने करायचंय. एक तर ती स्वतः रंगवणार आहे आणि तिचा हात ब्रशवर चांगला आहे, आणि दुसरं म्हणजे आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे स्प्रे आणि एअरब्रश दोन्ही बाद. वाचून एवढं कळलंय की रंग आतून द्यायचा असतो. पण आतून म्हणजे नेमकं कसं, कुठला रंग आधी, ब्रशचे फराटे बाहेरून दिसतात का, अक्षरं उलटी कशी काढायची, कुठला रंग या प्लॅस्टिकला धरतो, आणि आता पाऊस सुरू झालाय तर थांबावं का? ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, व्हिडिओ बघून बघून डोकं बधिर झालंय, सगळे एअरब्रशवालेच आहेत.

सातपूर_टूलरूम

दादा आधी एक सांगतो, तुमची पहिली बॉडी स्प्रेमुळे नाही गेली, चुकीच्या रंगामुळे आणि चुकीच्या बाजूमुळे गेली. आणि काच गेली ती थिनरमुळे.

या बॉडीच्या प्लॅस्टिकला आपण लेक्सन लेक्सन म्हणतो ते ब्रँडचं नाव आहे, माल पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांनी एकमेकांना माहीत नसताना जवळपास एकाच वेळी बनवलेला. हेल्मेटच्या काचेत हाच वापरतात. याचा मोठा गुण म्हणजे मार बसला की हा फुटण्याऐवजी वाकतो आणि परत जागेवर येतो. आणि रंगाची सगळी भानगड इथेच आहे, बॉडी वाकते पण वरचा साधा रंग वाकत नाही, मग तो सुटणारच. याचा अवगुण म्हणजे याला सॉल्व्हंट सोसत नाही. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल काहीही लागलं की धुरकट होतो, आणि जिथे आधीच ताण आहे तिथे म्हणजे कडा, भोकं, कोपरे, तिथे तडे जातात. स्क्रूला लावतो ते थ्रेडलॉकसुद्धा याच्या जवळ नेऊ नका, आणि इन्स्टंट ग्लूच्या वाफेने काचेवर पांढरा धूर बसतो तो वेगळाच.

आतून का रंगवायचं तर सोपं आहे. बाहेरून ट्रक घासला तरी घासतं ते प्लॅस्टिक, रंग मागे सुरक्षित राहतो. आणि चमक आपोआप मिळते कारण आपण बघतो तो प्लॅस्टिकचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग, रंगाचा नाही. वरून क्लिअर कोट वगैरे काही लागत नाही.

रंगाचं. तुमच्या कामाला पाण्यात विरघळणारे पॉलिकार्बोनेटसाठीचे अ‍ॅक्रिलिक रंग घ्या, बाटलीत येतात, एअरब्रशवाले तेच वापरतात, ते ब्रशनेही लागतात. वास जवळजवळ नाही त्यामुळे आईंनाही त्रास व्हायला नको, तरी खिडकी उघडी ठेवाच. तामिया कंपनीचे स्प्रेचे डबे कोणी सुचवेल तर एक लक्षात ठेवा, पीएस सिरीज पॉलिकार्बोनेटसाठी आहे आणि टीएस सिरीज कडक प्लॅस्टिकच्या मॉडेलसाठी, डबे दिसायला सारखेच, लोक हमखास फसतात. पीएस घट्ट धरतो कारण त्यातलं सॉल्व्हंट प्लॅस्टिकला किंचित चावतं, पण तो स्प्रे आहे म्हणजे तुमच्या घरात नको. पाण्याचे रंग असे चावत नाहीत, ते नुसते धरून बसतात, म्हणून त्यांना पृष्ठभाग स्वच्छ आणि थोडा खरखरीत लागतो. शाळेच्या स्टेशनरीतले अ‍ॅक्रिलिक चालतील का हा प्रश्न येणारच आहे म्हणून सांगतो, शोपीसला चालतील, पळवायच्या गाडीला नाही. मी एकदा लावले होते, महिनाभरात चाकाच्या कमानीजवळचे सगळे उडाले.

आता तयारी. बॉडी साच्यावरून निघते तेव्हा आत तेलकट अंश असतो, तो गेलाच पाहिजे. कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, मऊ स्पंज. दोनदा धुवा. फडक्याने पुसू नका, धागे चिकटतात, उलटी टांगून वाळू द्या. त्यानंतर आत उघडं बोट लावायचं नाही, घामाचा ठसा जिथे असेल तिथूनच पुढे रंग सुटतो. मग काचांचे मास्क लावा, बॉडीबरोबर विनाइलचे कापलेले येतात ते, नसतील तर मास्किंग टेप कटिंग मॅटवर कापून मग आणून लावा, बॉडीवर ठेवून कटरने कापू नका. पॉलिकार्बोनेटला ओरखडा अजिबात सहन होत नाही, कटरची जी बारीक रेघ आज दिसत नाही तिथूनच सहा महिन्यांनी चीर जाते. मास्क बसले की काच सोडून बाकी सगळीकडे बारीक स्कॉचब्राइटने हलका हात फिरवा. जोर नको, चकाकी गेली की बास. रंग बसला की ते ओरखडे बाहेरून दिसत नाहीत. मग परत धुवा.

आणि बाहेरची फिल्म!! ती मागच्या वेळी काढलीत तशी यावेळी काढू नका. ती शेवटी, सगळं वाळल्यावर.

ब्रशचे फराटे दिसतात का, तर हो, पहिल्या कोटाचे दिसतात, आणि नंतर त्यावर काहीही केलं तरी ते जात नाहीत कारण बाहेरून पहिला कोटच दिसतो. म्हणून पहिला कोट एकदम पातळ, मऊ सिंथेटिक चपट्या ब्रशने, एकाच दिशेने. उजेडासमोर धरलं तर आरपार दिसेल इतका पातळ. तो बघून मुलगी नाराज होईल, तिला आधीच सांगून ठेवा की हा असाच दिसतो. पूर्ण वाळला की दुसरा त्याच्या आडव्या दिशेने. असे चार-पाच लागतील, पिवळ्याला जास्तच. आणि मोठ्या भागाला, म्हणजे बॉनेट आणि टप, तिथे मी तर ब्रश वापरतच नाही, मेकअपचा स्पंज घेतो आणि टिपून टिपून रंग लावतो, फराटाच उठत नाही. पिवळ्याचा केशरी होत जाणारा भागही स्पंजनेच होईल, ब्रशने तो पट्टे पट्टे दिसेल. जाड थर कुठेच नको, जाड रंग वाळताना आक्रसतो आणि पहिल्याच आपटीत तुटतो, शिवाय वजन वाढतं आणि तेही ट्रकच्या सगळ्यात वरच्या भागात.

क्रम ठरवणं हे खरं डोक्याचं काम आहे, कागदावर लिहून काढा. गडद आधी, फिका नंतर. तुमच्या डिझाइनमध्ये काळी किनार, मग पांढरी अक्षरं, मग गुलाबी पट्टा, आता गुलाबीच्या पाठीवर लगेच पांढरा द्या (हे विसरू नका, नाहीतर मागून पिवळा आला की गुलाबीत पिवळसर झाक येईल), मग केशरी, मग पिवळा, आणि शेवटी सगळ्याच्या मागे पांढऱ्याचे दोन कोट. पिवळा आणि केशरी हे मूळचे पारदर्शक रंग आहेत, त्यांच्या मागे पांढरा आला की ते पेटतात, काळा आला की शेणासारखे होतात. पांढऱ्याच्या मागे वाटल्यास राखाडी किंवा काळा द्या म्हणजे आतून मोटर-बॅटरीची सावली दिसत नाही. पण आधी पांढरा.

अक्षरांचं मला जमत नाही, मी स्टिकर लावतो. इथे एक पाटीवाले काका आहेत, ते बघतील तर सांगतील.

पंचवटीतले_पाटीवाले

बोलावलंत म्हणून आलो. मी रंगाचा माणूस, गाड्यांमधलं मला नातवामुळे कळतं तेवढंच. पण हे जे तुम्ही आतून रंगवणं म्हणताय ते आम्ही चाळीस वर्षं काचेवर केलंय. सराफ बाजारातल्या पेढ्या, डॉक्टरांचे दवाखाने, वकील, सगळ्यांना काचेची पाटी हवी असायची, आणि काचेची पाटी मागूनच रंगवायची असते म्हणजे पाऊस-धूळ पुढच्या काचेवर आणि रंग मागे कोरडा. जुन्या वाड्यांत देवांच्या काचेवर रंगवलेल्या तसबिरी असायच्या त्याही अशाच, मागून. तिथे चित्रकार आधी डोळ्यातलं बुबुळ काढतो, मग डोळा, मग चेहरा, मग दागिने-वस्त्रं आणि सगळ्यात शेवटी मागचा पडदा. भिंतीवर रंगवताना आपण जे शेवटी करतो ते इथे पहिल्यांदा करायचं. मुलीला हे एकदा समजावून सांगा, बाकीचं तिचं तिला सुचत जाईल. अक्षरावर चमक द्यायची असेल तर चमकेची रेघ पहिली, मग अक्षर, मग सावली, मग जमीन म्हणजे मागचा रंग.

आता उलटी अक्षरं. पोरं मोबाइलवर उलटं करून प्रिंट काढतात आणि ती आत चिकटवून बघतात, मग रंगवणार कुठे? इतकं काही करू नका. तुमच्या बॉडीला बाहेरून ती फिल्म आहे ना, तिच्यावरच बाहेरून मार्करने सरळ "गंगामाई" लिहा, जसं वाचायचंय तसं. आवडलं नाही तर फिल्मवरचंच आहे, पुसा, परत लिहा, लांब उभं राहून बघा, दारात मधोमध आलंय का बघा. मग बॉडी उलटी करा. आतून तेच अक्षर उलटं दिसतं. फक्त त्या रेघेवरून ब्रश फिरवायचा. आतून बघताना ई सगळ्यात डावीकडे येईल, मा चा काना म च्या डाव्या अंगाला येईल, घाबरायचं नाही, अक्षर वाचायचंच नाही, आकार बघायचा. वाचायला गेलं की हात सवयीने काना उजवीकडे टाकतो, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराने ही चूक केलेली आहे. फिल्म निघून गेली असेल तर बटर पेपरवर जाड अक्षर काढून बाहेरून चिकटवा, अक्षराची बाजू आपल्याकडे म्हणजे बाहेर, आतून आरपार दिसतं. उघड्या प्लॅस्टिकवर मार्कर नको, डाग राहतो.

एक डोळा मिटून अगदी समोरून बघा. तिरकं बघितलं की रेघ सरकलेली दिसते.

शिरोरेषा मी आधी ओढतो. ती एक आडवी सरळ आली की बाकीची अक्षरं तिला टांगायची. किनार काळी आहे तर ती आधी, ० नंबरच्या गोल ब्रशने, लांब केसांचा असेल तर उत्तम, रंग पातळ दुधासारखा. ब्रश ओढायचा, ढकलायचा नाही. हात टेकवायला आत जागा नसते आणि ओल्या रंगावर हात पडला की संपलं, म्हणून बॉडीच्या दोन्ही कडांवर एक पट्टी आडवी ठेवा आणि मनगट त्या पट्टीवर टेकवा. किनार पूर्ण वाळली की आत पांढरा भरा. पांढरा किनारीवर थोडा गेला तरी हरकत नाही, बाहेरून काळाच दिसणार आहे. हाच तर मागून रंगवण्याचा फायदा, पुढे जे बसलं ते बसलं, मागचं सांडलेलं दिसत नाही.

चूक झाली तर ओली असताना ओल्या कापसाच्या काडीने पुसा. वाळली असेल तर बांबूची अगरबत्तीची काडी घ्या, टोक तिरपं कापा आणि हळू खरवडा. धातूचं काही नको.

अजून एक, कबूल करतो. नातवाची पहिली गाडी मी आमच्या नेहमीच्या ऑइल पेंटने रंगवली होती. मला वाटलं काचेला तीस वर्षं धरतो तो याला का नाही धरणार. काच वाकत नाही, हे वाकतं. चार दिवसांत "श्री" मधला रकार गेला आणि नातू काही बोलला नाही पण मला फार लागलं. तेव्हा वर टूलरूमवाल्यांनी रंगाचं जे सांगितलंय ते ऐका.

नाशिकरोड_बॅशर

सगळं बरोबर सांगितलंय, फक्त दोन गोष्टी.

बॉडी आधी कापायची की नंतर? वर कोणी बोललंच नाही. माझं मत, रंग आधी, कापणं नंतर. खाली जी जास्तीची पट्टी असते ती हाताने धरायला कामी येते आणि कड न कापलेली असली की बॉडी ताठ राहते, रंगवताना मुडपत नाही. पण त्या पट्टीचा एक तुकडा मात्र आधीच कापून घ्या आणि प्रत्येक रंग आधी त्यावर लावून बघा, वाळला की तो तुकडा मुडपा, रंग तडकला तर बॉडीवर लावू नका. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे, दहा मिनिटांचं काम आणि बॉडी वाचते.

दुसरं पाऊस. स्प्रेवाल्यांनी आत्ता थांबावंच, ओल्या हवेत रंगावर दुधासारखी झाक येते. पाण्याच्या रंगाला तो प्रॉब्लेम नाही पण वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि वरून वाळलेला दिसतो, खाली ओला असतो. त्यावर पुढचा कोट मारला की ओल आत अडकते आणि नंतर सगळं सालीसारखं निघतं. हेअर ड्रायर वापरा, कमी हीटवर, वीतभर लांबून, सारखा हलवत. एका जागी धरलात तर पातळ भाग लोळागोळा होईल. आणि दिवसाला दोनच कोट, श्रावण येईपर्यंत होईल की, घाई काय आहे.

सातपूर_टूलरूम

बॅशर भाऊ, कापण्यावर माझं थोडं वेगळं आहे. चाकांच्या कमानी आणि खालची कड मी आधीच कापतो, कारण रंगाचे थर बसल्यावर कात्री लावली की कडेचा रंग चिपतो, आणि ब्रशने रंगवलेला थर स्प्रेपेक्षा जाडच असतो त्यामुळे यांच्या केसमध्ये जास्त चिपणार. धरायला बॉडीखाली उलटा डबा किंवा उशी ठेवता येते. चॅसिसवर, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्यावर, ठेवून कमानींच्या जागा बाहेरून फिल्मवर मार्क करायच्या, त्याही आधीच झालेल्या बऱ्या. ओल्या रंगाची बॉडी चॅसिसवर कोण बसवून बघणार?

कमानीला वाकड्या पात्याची कात्री मिळते ती घ्या, साध्या कात्रीने गोलाई जमत नाही. आणि कड कापून झाली की ६०० चा पॉलिश पेपर फिरवा, कडेवर जो बारीक काप राहतो तिथूनच चीर सुरू होते.

पट्टीच्या तुकड्यावर टेस्ट, याला माझे पूर्ण मार्क.

इंदिरानगरचा_ट्रकवाला

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काका तुम्हाला विशेष. मुलीला तुमचं सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली म्हणजे शेवटून सुरू करायचं, आणि वही काढून क्रम लिहायला बसली. बॉडी धुवून टांगलीये. झालं की सांगतो.

एकच शंका, टेप कधी काढायचा? पूर्ण वाळल्यावर की आधी?

पंचवटीतले_पाटीवाले

बोट लावलं तर चिकटत नाही पण नख टेकवलं तर खूण उठते, अशा वेळी. पूर्ण कडक झाल्यावर ओढलात तर रंगाची कड फाटून टेपबरोबर येते. टेप स्वतःवर दुमडून जमिनीलगत हळू ओढायचा, वर उचलायचा नाही. आणि टेप लावला की त्याच्या कडेवर आधी जो रंग अगोदरच तिथे आहे त्याचा एक पातळ हात फिरवा, फटीत जायचं ते तेच जाईल, मग नवा रंग. कड सुरीसारखी येते.

इंदिरानगरचा_ट्रकवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. काल रात्री फिल्म काढली.

कसं सांगू. तीन आठवडे आम्ही ती बॉडी फक्त आतून बघत होतो, आतून तर नुसता पांढरा आणि कडेला सांडलेले रंग, घाण दिसत होतं सगळं, आणि बाहेरून फिल्मवर मार्करच्या खुणा आणि धूळ. कोपऱ्यातून फिल्म उचलली आणि खाली तो पिवळा असा ओला असल्यासारखा चमकत बाहेर आला की आईसुद्धा आतल्या खोलीतून उठून आली बघायला. पिवळ्याचा केशरी स्पंजने झालाय, कुठे सुरू झाला ते कळत नाही. गुलाबी पट्टा तिने सरळ न ठेवता शेवटी शिंतोडे उडवलेत, जुन्या टूथब्रशने, अर्थात केशरीच्या आधी, आणि प्रत्येक शिंतोड्याच्या मागे टूथपिकने पांढरा ठिपका दिला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

"गंगामाई" उजव्या दारावर सुंदर आलंय. डाव्या दारावर मा चा काना तिने काकांनी सांगितलेल्या चुकीप्रमाणेच भलत्या बाजूला घेतला होता, पण ओला असतानाच लक्षात आलं, कापसाच्या काडीने पुसून परत काढला. बॉनेटवर एका जागी उजेडात फराटे दिसतात, तो पहिला दिवस होता, कोट जाड झाला. काचेच्या एका कोपऱ्यात मास्कखालून रंग झिरपलाय, तो अगरबत्तीच्या काडीने काढतोय.

आता पळवायच्या आधी विचारतो. बॉडी पोस्टची, म्हणजे बॉडी ज्या उभ्या दांड्यांवर बसते त्यांची, भोकं गरम सळईने पाडू का? आणि मागच्या बॉडीला त्या भोकांपासूनच चीर गेली होती, ती कशी थांबवायची? खरं सांगायचं तर आता हिला मातीत न्यायला जीव होत नाहीये, पण ती म्हणते रहाडीत उडी मारल्यावर कपडे कोरडे ठेवायचे असतात का.

नाशिकरोड_बॅशर

गरम सळई अजिबात नको!! कडेला जी वितळलेली गाठ होते तिथूनच तडा जातो. निमुळता बॉडी रीमर येतो, तो हाताने फिरवत फिरवत भोक मोठं करायचं, ड्रिलपेक्षा बरा कारण एकदम घुसत नाही. बॉडी नुसती पोस्टवर टेकवा, पोस्टच्या टोकाला थोडा मार्कर लावा, आतून ठिपका उमटतो, तीच जागा. भोक पोस्टपेक्षा किंचित मोठं ठेवा, आवळून बसलं की ताण येतो.

चिरेसाठी, आतून प्रत्येक भोकाभोवती आणि चारही कमानींच्या वरच्या कोपऱ्यांत फायबरग्लासची जाळीची टेप लावा, भिंतीच्या सांध्यावर पीओपीवाले लावतात तीच, आणि तिच्यावर बुटांचा रबरासारखा राहणारा गम बोटाने पसरवा. कडक होणारा गम नको, वाळल्यावर रबरासारखा वाकला पाहिजे. पण त्यात सॉल्व्हंट असतं म्हणून रंगाला अजून एक आठवडा द्या आणि तुमच्या त्या टेस्टच्या तुकड्यावर आधी लावून बघा, रंग उचलला तर थांबा. वासही उग्र असतो, आईंच्या घरात नको, गच्चीवर जाऊन लावा आणि रात्रभर तिथेच आडोशाला राहू द्या.

मी आणि टूलरूमवाले पुढच्या रविवारी ७ ला डोंगरेवर आहोत, पाऊस नसला तर. काकांना पंचवटीतून मी गाडीवर घेऊन येतो, त्यांना ते अक्षर बघायचंय.